बाईंनी मत द्यावं का?

निवडणूक आली, की तुमची शाळा दोन दिवस तुमची राहत नाही. आदल्या दिवशी दुपारी एसटी नाहीतर टेम्पो फाटकाशी येऊन थांबतो. यंत्रांच्या पेट्या उतरतात, बाकं भिंतीला लागतात, फळ्यावरचा सुविचार पुसला जातो आणि तिथं मतदान केंद्राचा क्रमांक येतो. शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ ओढली जाते. तुम्हाला सुट्टी मिळते. आम्हा शिक्षकांचं उलटं. आमच्यातल्या कित्येकांची त्या रात्रीची झोपसुद्धा त्या पेट्यांच्या उशाशी!

मागच्या निवडणुकीनंतर सातवीच्या वर्गात एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "बाई, तुम्हाला पगार सरकार देतं. मग कुठलं सरकार यावं हे तुम्ही कसं ठरवणार? आणि निवडणूक घेणार तुम्हीच, मत देणारही तुम्हीच! म्हणजे खेळाडू पण तुम्ही आणि पंच पण तुम्हीच?"

वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, हसू नका रे, प्रश्न चांगला आहे. आणि खरंच चांगला आहे. शिक्षक, तलाठी, पोलीस, पोस्टमन, एसटीचे वाहक, तहसील कचेरीतले कारकून अशा सगळ्यांना लागू पडणारा आहे. मोठी माणसं त्याचं उत्तर "हक्क आहे म्हणून देतो" एवढंच देतात आणि पुढच्या कामाला लागतात. पण एका देशानं या प्रश्नाचं उत्तर एकदा "नाही, मत द्यायचं नाही" असं दिलं होतं, आणि तब्बल शहाऐंशी वर्षं ते उत्तर पाळलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे का?

ही गोष्ट इंग्लंडमधली, जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वीची.

तेव्हा तिथं संसद होती, निवडणुका होत्या, पण मताचा अधिकार फार थोड्या पुरुषांना होता. काही गावांत तर सगळे मतदार मिळून आपल्या एका वर्गात मावले असते. दुसरीकडे, सरकारला कर गोळा करायला भरपूर माणसं लागत. मिठावर कर, चहावर कर, मेणबत्तीवर कर. घराला खिडक्या किती, यावरसुद्धा कर होता! (थट्टा नाही. तो चुकवायला काही लोकांनी आपल्या खिडक्या चक्क विटांनी बुजवून टाकल्या.) बंदरावर जकात घेणारे, कारखाने तपासणारे, टपाल सांभाळणारे असे हजारो नोकर सरकारच्या पदरी होते, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मताचा अधिकारही होता.

आता मत कसं द्यायचे ते ऐका. आपल्यासारखा पुठ्ठ्याचा आडोसा नाही, यंत्र नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. चव्हाट्यावर उभं राहायचं आणि उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं. समोर बसलेला कारकून ते वहीत लिहून घेणार. कुणी कुणाला मत दिलं, याची पुस्तकं छापून विकलीदेखील जात.

समजा, तुम्ही त्या काळातले जकात कारकून आहात. घरी चार लेकरं आहेत. नोकरी टिकणं न टिकणं वरच्या साहेबाच्या मर्जीवर. साहेबाची नोकरी त्याच्या वरच्याच्या मर्जीवर, आणि सगळ्यात वर बसलेत मंत्री. निवडणुकीच्या दिवशी तुम्ही चव्हाट्यावर उभे आहात आणि साहेब हाताची घडी घालून तुमच्याकडे बघतो आहे. सांगा, तुमच्या तोंडातून कुणाचं नाव निघेल?

व्हायचं ते झालं. ज्या गावात मतदार मूठभर, तिथं या नोकरांच्या जोरावर सरकार आपली माणसं निवडून आणू लागलं. १७८२ साली लॉर्ड रॉकिंगहॅम पंतप्रधान झाले. अशा नोकरांच्या मतांवर तब्बल सत्तर ठिकाणच्या निवडणुका ठरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी संसदेनं कायदा केला. जॉन क्रू नावाच्या सभासदानं तो मांडला म्हणून तो क्रूचा कायदा म्हणून ओळखला जातो. कर गोळा करणाऱ्या आणि टपाल खात्यातल्या नोकरांचा मताचा अधिकार त्यानं काढून घेतला. तो परत मिळायला १८६८ साल उजाडलं. तिथल्या पोलिसांना तर संसदेच्या निवडणुकीत मत देण्यासाठी १८८७ पर्यंत थांबावं लागलं.

कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता, असं मी म्हणणार नाही. रोग खरा होता. पण उपाय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दम देणारा साहेब तसाच खुर्चीत राहिला आणि ज्याला दम दिला जात होता, त्याचंच मत गेलं.

बरं, मत गेल्यावर तरी त्या नोकरांच्या मागची कटकट संपली का? रॉबर्ट बर्न्स हा स्कॉटलंडचा फार मोठा कवी. पोटासाठी तो अबकारी खात्यात नोकरी करायचा. हा कायदा लागू असतानाचीच गोष्ट, १७९२ सालची. बर्न्सची मतं सरकारविरोधी आहेत, अशी कुणीतरी वर चुगली केली. खात्यानं चौकशी लावली. बिचाऱ्याला वरच्या साहेबांना काकुळतीची पत्रं लिहून नोकरी वाचवावी लागली. म्हणजे मतपेटीपासून दूर ठेवलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय, याची सरकारला काळजी होतीच!

खरं औषध सापडलं ते वेगळ्याच ठिकाणी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन वसाहतींनी १८५६ साली गुप्त मतदान सुरू केलं. सरकारनं छापलेली मतपत्रिका, आडोसा आणि पेटी. इंग्लंडनं ते १८७२ साली उचललं. साहेबाला आता हाताची घडी घालून उभं राहायचं तर खुशाल राहू दे, त्याला दिसणार काय?

याचा प्रयोग तुम्हाला वर्गात करता येईल. मी केला आहे. आमच्याकडे वर्गमंत्री निवडायचा होता. पहिल्यांदा हात वर करून मतं घेतली. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा उभा होता आणि तो मागं वळून कोण कोण हात वर करतंय ते बघत होता. झाडून सगळे हात वर! मग मी वहीच्या पानाचे तुकडे केले, प्रत्येकाला एक दिला आणि डब्यात टाकायला लावला. निकाल साफ बदलला. ज्या मुली पहिल्या वेळी खाली मान घालून हात वर करून बसल्या होत्या, त्यांची मतं डब्यातून बाहेर आली. मुलं तीच, वर्ग तोच. बदलला होता फक्त बघणारा डोळा.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा गुप्त मतदानाचा शोध लागून जवळजवळ शंभर वर्षं होत आली होती. आपल्या राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात प्रौढ मताधिकार आहे. सुरुवातीला त्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागत, १९८९ पासून अठरा. कुणाला मत नाकारता येईल, याची कारणंही त्या कलमात दिली आहेत: त्या भागात राहत नसणं, मनाची विकलता, गुन्हा, निवडणुकीतला भ्रष्ट किंवा बेकायदा प्रकार. तुम्ही नोकरी कुणाकडे करता, हे त्या यादीत कुठंच नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं मत एक, त्यांच्या शिपायाचं मत एक.

पण म्हणून सरकारी नोकराला वाटेल ते करता येतं असं नाही हं. इथं खरी मेख आहे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९६४ साली वर्तणूक नियम केले, महाराष्ट्र राज्याच्या नोकरांसाठी १९७९ साली. आम्हा जिल्हा परिषदेच्या नोकरांसाठीही असे नियम आहेत. त्यांचा गाभा असा: पक्षाचं सभासद व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, पक्षाला वर्गणी द्यायची नाही, निवडणुकीला उभं राहायचं नाही. मत मात्र द्यायचं. फक्त कुणाला देणार किंवा कुणाला दिलं, याची सूचनासुद्धा कुणाला मिळू द्यायची नाही. अंगावर, गाडीवर किंवा घरावर पक्षाचं चिन्ह लावलं, तरी तो आपल्या पदाचा वापर केल्यासारखंच धरलं जातं. मतदान केंद्रात उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसलं, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

हे कडक आहे, पण मला पटतं. विचार करा, उद्या मी वर्गात सांगितलं की मी अमक्या पक्षाला मत दिलं, तर तुमच्यातला एखादा घरी जाऊन म्हणेल, "बाईंनी सांगितलंय, त्यालाच मत द्या." गावात अजूनही शिक्षकाच्या शब्दाला वजन आहे. आणि तलाठ्याच्या शब्दाला तर त्याहून जास्त, कारण सातबारा त्याच्याकडे! सातबारा घ्यायला गेलेल्या शेतकऱ्यानं तलाठ्याच्या टेबलावर एका पक्षाचा झेंडा पाहिला, तर त्याच्या पोटात गोळा येईल की नाही? म्हणून नोकराचं मत त्याच्यापाशी ठेवलं आहे आणि त्याचा झेंडा काढून घेतला आहे. क्रूच्या कायद्यानं नेमकं हेच ओळखलं नव्हतं.

पंचाचा प्रश्न राहिला. त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२९ वं कलम मला फार आवडतं. निवडणुकीचं काम करणाऱ्या कुणीही एखाद्या उमेदवाराला फायदा होईल असं काहीही करायचं नाही, असं ते सांगतं, आणि मध्येच तीन-चार शब्द घालतं: स्वतःचं मत देण्याखेरीज. केवढी समज आहे त्या शब्दांत! हे मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

शिवाय आमच्यावर पाळत असते ती निराळीच. कुणाला कुठलं केंद्र, हे संगणकावर सरमिसळ करून ठरतं. केंद्राध्यक्ष आणि त्यांच्या हाताखालचे मतदान अधिकारी यांना आपलं केंद्र कोणतं हे आधी कळतच नाही. सकाळी मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मतांचं अभिरूप मतदान घ्यावं लागतं, म्हणजे खोटंखोटं मतदान, आणि त्याचा हिशेब बरोबर लागल्यावर ती मतं पुसून यंत्र कोरं करून दाखवावं लागतं. दिवसभर ते प्रतिनिधी आमच्यासमोर बसून असतात. संध्याकाळी किती मतं पडली, त्याचा आकडा सहीनिशी त्यांच्या हातात द्यावा लागतो. क्रिकेटच्या पंचाच्या एवढ्या मागं कुणी लागत नसेल!

कुणी म्हणतं, सरकारी नोकर स्वतःच्या पगाराकडे आणि पेन्शनकडे बघून मत देतील, देशाकडे बघून नाही. यात काही तथ्यच नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप झाला होता, तो तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल. शाळा बंद होत्या. त्यात सामील असलेल्या सरकारी-निमसरकारी नोकरांचा आकडा सुमारे १७ लाख सांगितला जात होता. आता २०२४ च्या विधानसभेच्या वेळी राज्यात मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख. करा भागाकार. शंभरात दोनसुद्धा येत नाहीत. आणि स्वतःचं बघून मत देतो तो काय एकटा सरकारी नोकर? कांदा पिकवणारा कांद्याच्या भावाकडे बघतो, दुकानदार जीएसटीकडे, उसाचा शेतकरी कारखान्याच्या बिलाकडे. ज्याला कशाचीच पडलेली नाही अशा माणसालाच मत द्यायचं म्हटलं, तर यादी कोरीच राहील.

मला विचाराल तर काळजी वेगळीच आहे. हक्क असूनही आमची मतं वाया जातात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी देशभर सुमारे साडेदहा लाख मतदान केंद्रं होती, आणि मतदानाच्या व बंदोबस्ताच्या कामाला सुमारे दीड कोटी माणसं. मघाशी सांगितलेल्या सरमिसळीमुळे त्यातली बरीचशी स्वतःच्या केंद्रापासून लांब. त्यांनी मत कसं द्यायचं? लोकसभेचा असो की विधानसभेचा, मतदारसंघ स्वतःचाच असेल, तर 'निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र' मिळतं. ते दाखवलं, की जिथं काम करतो तिथल्याच यंत्रावर मत देता येतं. मतदारसंघ दुसरा असेल, तर टपाली मतपत्रिका. त्यासाठी आधी मुदतीत अर्ज भरावा लागतो.

टपाली मतपत्रिकेतली पाकिटांची युक्ती बघण्यासारखी आहे. मतपत्रिकेवर खूण करायची आणि ती लहान पाकिटात घालून चिकटवायची. मग एक प्रतिज्ञापत्र भरायचं: मीच तो मतदार, ही माझी सही, हा मतपत्रिकेचा क्रमांक. त्यावर अधिकाऱ्याची साक्ष. हे प्रतिज्ञापत्र लहान पाकिटात घालायचं नाही! लहान पाकीट आणि प्रतिज्ञापत्र ही दोन्ही एका मोठ्या पाकिटात. मोजणीच्या वेळी आधी मोठं पाकीट फोडून प्रतिज्ञापत्र तपासतात. ते ठीक असेल तर बाजूला काढतात. अशी सगळी प्रतिज्ञापत्रं वेगळी बांधून मोहोरबंद केली, की मगच लहान पाकिटं उघडतात. म्हणजे मत खऱ्या मतदाराचं आहे हेही कळलं, आणि ते कुणाचं आहे हे कळलं नाही. जकात कारकुनाचा तो चव्हाटा आठवा आणि ही दोन पाकिटं बघा.

पण सही राहिली, क्रमांक चुकला, प्रतिज्ञापत्र चुकून लहान पाकिटात गेलं, की मत बाद. लहान पाकीट उघडतसुद्धा नाहीत. शिक्षकांचीही मतं अशी बाद होतात, काय सांगायचं! आणि वेळेत न पोहोचलेलं मत तर मोजलंच जात नाही. २०१४ साली माझं नाव अजून माहेरच्या मतदारयादीत होतं आणि काम लागलं सासरच्या जिल्ह्यात. मी अर्ज वेळेत दिला. लोकसभेचा निकाल १६ मे रोजी लागला. माझी कोरी मतपत्रिका घरी पोहोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी! वाटेत कुठं अडकली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता त्यात सुधारणा झाली आहे. २०२३ पासूनच्या नियमानुसार निवडणुकीच्या कामावरच्या नोकरानं मतपत्रिका घरी न्यायची नाही. सुविधा केंद्रात जायचं, तिथंच घ्यायची, तिथंच आडोशाला भरायची आणि तिथंच पेटीत टाकायची. पाकीट टपालात हरवायला वावच नाही, आणि घरी कुणी शेजारी बसून "दाखव बघू" म्हणण्याचाही प्रश्न नाही.

एवढ्याशा मतांनी काय होतं, असं वाटतंय? मग मुंबईतल्या वायव्य मुंबई मतदारसंघाचा २०२४ चा लोकसभा निकाल ऐका. (उमेदवारांची नावं मी लिहीत नाही. वर्तणूक नियम!) यंत्रांवरची मतं मोजून झाली तेव्हा एकाला होती ४,५१,०९५ आणि दुसऱ्याला ४,५१,०९४. नऊ लाखांवर मतांत फरक फक्त एका मताचा! मग टपाली मतं मिळवली. पहिल्याला १,५०१ आणि दुसऱ्याला १,५५०. बेरीज तुम्ही करा. दुसरा उमेदवार ४८ मतांनी निवडून आला. टपाली मतांत निवडणुकीच्या कामावरचे नोकर असतात, सीमेवरचे सैनिक असतात आणि ८५ वर्षांवरचे, घरून मत देणारे आजी-आजोबाही असतात, त्यामुळे ही सगळी नोकरांची मतं असं म्हणता येणार नाही. पण त्याच मोजणीत शंभराहून जास्त टपाली मतं बाद ठरली होती. ४८ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. निकाल पुढे उच्च न्यायालयात गेला, पण बदलला नाही.

जाता जाता एक तक्रार. विधान परिषदेत शिक्षकांनी निवडून द्यायचे आमदार असतात, आपल्या राज्यात सात. तुम्हाला वाटेल, बाई तिथं तर नक्की मत देत असतील. नाही! घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणे तिथं मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांना. पहिलीच्या पोरांना अ-आ-इ शिकवणारे आम्ही त्यात शिक्षक धरले जात नाही. इंग्लंडच्या जकात कारकुनांबद्दल मला एवढी माया का वाटते, ते आता कळलं असेल.

आणि आता तुमच्यासाठी एक कोडं. एका घरात बायको तलाठी आहे. नवरा शेतकरी आहे आणि एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. त्याच्यावर वर्तणूक नियमांचं बंधन नाही, झेंडा लावायचा त्याला पूर्ण हक्क. पण घर दोघांचं. निवडणूक आली, नवरा झेंडा आणि शिडी घेऊन गच्चीकडे निघाला. बायकोनं काय करावं? माझ्या वर्गात यावर दोन तास भांडण झालं आणि मधली सुट्टीही त्यातच गेली. तुमच्या वर्गात काय ठरतं ते पत्रानं कळवा.